घरापुढील बागेसाठी फुलझाडांची निवड
ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील शेतकरी आणि गावपातळीवरील कार्यकर्ते यांच्यासाठी

घराच्या अंगणात चार फुलझाडे असावीत, अशी इच्छा बहुतेक प्रत्येक कुटुंबाची असते. देवपूजेस रोज फूल लागते, लेकीसुनांना गजरा हवा असतो, आणि मोरीचे सांडपाणी जिरवावयासही एखादे झाड उपयोगी पडते. यास्तव मृगाच्या सरी पडू लागल्या की रोपवाटिकांतून व हातगाड्यांवरून रोपांची खरेदी सुरू होते. परंतु त्यांपैकी कित्येक रोपे श्रावणापर्यंत मुळे कुजून मरतात, आणि जी वाचतात त्यांतील बरीच वैशाखात पाण्यावाचून वाळून जातात. पुढील वर्षी पुन्हा तीच खरेदी होते. यात पैसा जातो, श्रम जातात, आणि आपल्या हाताला झाड लागत नाही असा गैरसमज घर करून बसतो. वस्तुतः दोष हाताचा नसतो. त्या जागेस न मानवणारे झाड निवडले गेलेले असते.

आपल्या भागात कोणत्याही झाडास दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली परीक्षा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील अतिवृष्टीची, व दुसरी एप्रिल-मे महिन्यांतील टंचाईची. या दोन्हींत जे झाड टिकेल तेच आपले, एवढे एकच सूत्र ध्यानी ठेवले तरी निवड सोपी होते.

हवामान व पाणी

ठाणे जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो व तो जवळजवळ सर्व चार महिन्यांतच पडतो. सखल भागांत पाणी साचून राहते. दिनांक २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीकाठच्या कल्याण व बदलापूर परिसरातील सखल वस्त्या पाण्याखाली गेल्या होत्या, हे अनेकांच्या स्मरणात आहे.

याच्या उलट स्थिती उन्हाळ्यात असते. मुंबई शहरास पाणी पुरविणारी तानसा व भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. तथापि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागतात. जेथे पिण्याचा हंडा दुरून डोक्यावर आणावा लागतो, तेथे बागेसाठी वेगळे पाणी मागणे न्यायाचे होणार नाही. अशा ठिकाणी घरातील वापरलेल्या पाण्यावर जगणारीच झाडे लावावीत.

आपल्या जागेची पारख

रोप विकत घेण्यापूर्वी जागा नीट पाहावी. या परिसरात मुख्यत्वे चार प्रकारच्या जागा आढळतात.

१. डोंगरउताराची तांबूस, मुरमाड जमीन : येऊरच्या पायथ्याशी, तसेच मुरबाड व शहापूर भागांत अशी जमीन आहे. निचरा उत्तम असतो, परंतु ओल लवकर उडते.

२. भातखाचराची भारी जमीन : कल्याण, भिवंडी व अंबरनाथ तालुक्यांच्या सखल भागांत ती आढळते. पावसाळ्यात चिखल होतो व उन्हाळ्यात भेगा पडतात.

३. खाडीकाठची खारवट जमीन : कळवा, मुंब्रा, दिवा व डोंबिवलीचा खाडीकडील भाग यांत ती आढळते. उन्हाळ्यात जमिनीवर पांढुरका थर दिसणे व विहिरीचे पाणी मचूळ लागणे, या तिच्या खुणा होत.

४. भरावाची जागा : ठाणे येथे १९८२ साली व कल्याण येथे १९८३ साली महानगरपालिका स्थापन झाली. त्यानंतरच्या काळात भातखाचरांवर भराव घालून अनेक वस्त्या उभ्या राहिल्या. अशा अंगणात वीतभर मातीखाली विटांचे तुकडे, चुना व सिमेंटचा राडारोडा निघतो. त्यातील चुन्यामुळे अनंत व एक्झोरा यांसारख्या झाडांना जमिनीतील लोह घेता येत नाही. त्यांची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात.

निचरा पाहण्याची रीत सोपी आहे. दीड फूट खोल खड्डा खणून तो पाण्याने काठोकाठ भरावा. पाणी दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात उभे दिसल्यास तेथे सपाट जमिनीत झाड लावू नये. एक ते दीड फूट उंचीचा वरंबा किंवा ओटा करून त्यावर लावावे. त्याचप्रमाणे ऊन किती तास पडते तेही पाहावे. मोगरा, जास्वंद, बोगनवेल व चाफा यांस दिवसाकाठी निदान सहा तास ऊन मिळाले पाहिजे. ज्या मोगऱ्यास पाने भरपूर पण कळी नाही, तो बहुधा सावलीत उभा असतो.

निवडण्याजोगी झाडे

सर्व जागांस चालणारी झुडपे : जास्वंद व तगर ही दोन झुडपे नवशिक्याने प्रथम लावावीत. दोन्हींस जवळजवळ बारा महिने फुले येतात, दोन्ही फाट्यापासून होतात, आणि छाटणी सोसतात. लाल एकेरी जास्वंद ही दुहेरी व रंगीत संकरित जातींपेक्षा काटक असते. संकरित जातींची फुले मोठी असली तरी भारी जमिनीत पावसाळ्यात त्यांची मुळे लवकर कुजतात. त्या कुंडीतच ठेवणे बरे.

सुवासिक झुडपे : मोगऱ्याचा मुख्य बहर मार्च ते जून या काळात असतो. अनंत पावसाच्या आरंभी फुलतो. मुरमाड जमिनीत तो उत्तम येतो, भरावात मात्र लावू नये. कुंती पावसाच्या सरींनंतर पुनःपुन्हा बहरते व तिचे कुंपणही करता येते. कुंद थंडीत फुलतो. हे चार प्रकार एकत्र लावल्यास वर्षातील बहुतेक महिने अंगणात सुवास राहतो.

लहान वृक्ष : प्राजक्त ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत फुलतो. त्याची फुले पहाटे आपोआप गळतात, म्हणून वृद्ध माणसांसही वेचण्यास सोयीची पडतात. पांढरा चाफा दुष्काळ सोसतो, परंतु पाणी साचल्यास त्याचे खोड कुजते. सोनचाफ्यासही निचरा हवाच. सोनचाफ्याचे कलम दोन-तीन वर्षांत फुलू लागते, बियांच्या रोपास मात्र त्याहून पुष्कळ अधिक वर्षे लागतात; म्हणून कलमच घ्यावे. जागा प्रशस्त असल्यास तामण अवश्य लावावा. हे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपुष्प होय. तो कोकणातील ओढ्यांच्या काठी आपसूक वाढणारा वृक्ष असल्यामुळे ओलसर जमीन त्यास मानवते. एप्रिल ते जून या काळात तो जांभळ्या तुऱ्यांनी भरून जातो.

वेली : जुई व जाई यांस मांडव लागतो, त्या छाटल्या नाहीत तर नुसता पाला माजतो. मधुमालती अत्यंत काटक असून तिची वाढ जोमदार असते, म्हणून ती कौलांपासून व विजेच्या तारांपासून दूर ठेवावी. गोकर्ण बियांपासून दोन-तीन महिन्यांत फुलते व तिच्या मुळांवरील गाठींमुळे जमिनीस नत्रही मिळते.

सावलीसाठी व सांडपाण्यासाठी : दोन इमारतींमधील किंवा आंब्याच्या विरळ सावलीतील जागेत अबोली चांगली येते. मोरीच्या तोंडाशी, जेथे सदैव ओल असते, तेथे कर्दळ व सोनटक्का लावावेत. ही दोन्ही गड्ड्यांपासून होतात आणि सांडपाण्याची डबकी होऊ देत नाहीत.

खारवट जमिनीसाठी : बोगनवेल व कण्हेर या दोहोंत खार सोसण्याची शक्ती आहे. बोगनवेलीस पाणी कमी दिल्यास फुले अधिक येतात. खाडीकाठी मोगरा, अनंत व गुलाब थेट जमिनीत लावण्याचा आग्रह धरू नये; ओट्यावर गोडी माती घालून किंवा कुंडीत ते लावावेत.

हंगामी फुले : झेंडूचे बी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात गादीवाफ्यावर टाकून साधारण महिन्याने रोपे वरंब्यावर लावल्यास दसऱ्याच्या सुमारास फुले हाती येतात. गुलबाक्षी एकदा लावली की बी पडून पुन्हा उगवते. तेरडा तर आपल्या माळरानावर आपण होऊनच येतो. कोकणात तेरड्याची गौर आणण्याची चाल आहे. तेव्हा अंगणाचा एखादा कोपरा त्यास मोकळा ठेवण्यास हरकत नाही.

जपून लावावयाची व टाळावयाची झाडे

कण्हेर दिसावयास सुंदर व टिकाऊ असली तरी तिची पाने, फुले, फांद्या व बिया विषारी आहेत. पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची, फळेही तशीच विषारी असतात व मुले ती खेळावयास घेतात. हे विष हृदयावर परिणाम करते. गुरे ताजी कण्हेर सहसा खात नाहीत. परंतु छाटलेल्या फांद्या वाळून वैरणीत मिसळल्यास प्राणघात होऊ शकतो. म्हणून लहान मुले असलेल्या घराच्या अंगणात व गोठ्याजवळ कण्हेर लावू नये. इतरत्र लावल्यास छाटणीचा पाला पुरून टाकावा. तो जाळू नये, कारण त्याचा धूरही अपायकारक असतो. कोणी चुकून पान अथवा फळ खाल्ल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता त्यास ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

घाणेरीच्या रंगीत फुलांना भुलून ती बागेत आणू नये. तिची फळे पक्षी खातात व बी दूरवर पसरते. मग ती जंगलात व गायरानात गवतास वाढू देत नाही. तिचा पाला गुरांच्या पोटात गेल्यास यकृतास इजा होते व उन्हात कातडी सोलवटते.

गुलमोहराचे लाकूड ठिसूळ असते आणि वादळी पावसात त्याच्या फांद्या मोडतात; घराच्या भिंतीजवळ त्यास जागा देऊ नये. गुलाबाच्या पानांवर आपल्या पावसात काळे ठिपके पडून पानगळ होते. ज्यास गुलाबाची हौस असेल त्याने एक-दोन कुंड्या ठेवाव्यात व पावसाळ्यात त्या वळचणीखाली, परंतु उजेडात, हलवाव्यात.

रोप पारखणे व लावणे

फुलांनी लगडलेले उंच रोप घेण्याचा मोह टाळावा. ठेंगणे, तीन-चार फांद्यांचे, निरोगी पानांचे रोप उत्तम. पिशवीच्या तळातून जाड मुळे बाहेर आली असल्यास ती आत गुंडाळलेली आहेत असे समजावे. असे रोप जमिनीत नीट पसरत नाही.

मे महिन्यात दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डे खणून पंधरा दिवस उन्हात तापू द्यावेत. भरावाच्या जागी खड्डा दोन फुटांचा घ्यावा व निघालेला राडारोडा परत आत टाकू नये. चांगल्या मातीत एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत व दोन मुठी निंबोळी पेंड मिसळून खड्डा जमिनीच्या वर चार बोटे येईल इतका भरावा, म्हणजे पावसाने माती बसल्यावरही तेथे खळगा पडत नाही. पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर लागवड करावी व रोपास काठीचा आधार द्यावा.

दोन झाडांतील अंतर पुढीलप्रमाणे ठेवावे : मोगरा ४ फूट, जास्वंद, तगर व अनंत ५ ते ६ फूट, प्राजक्त १० फूट, सोनचाफा १२ फूट. झुडपे भिंतीपासून निदान ३ फूट दूर असावीत, तामण १२ ते १५ फूट.

सदनिकांत राहणाऱ्यांनी सज्जात तगर, मोगरा, अबोली व एकेरी जास्वंद बारा ते चौदा इंची कुंड्यांत लावावी. कुंडीच्या तळाचे छिद्र मोकळे असावे. कुंडीखालील ताटलीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यू पसरविणारा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. ताटल्या आठवड्यातून एकदा घासून कोरड्या कराव्यात.

पाणी, आच्छादन व छाटणी

पाऊस संपताच, म्हणजे ऑक्टोबरअखेर, झाडाच्या आळ्यात भाताचा पेंढा किंवा वाळलेला पाला तीन बोटे जाडीचा पसरावा. त्याने ओल टिकते. हे आच्छादन बुंध्यापासून वीतभर दूर ठेवावे, नाहीतर वाळवी लागते. आंघोळीचे व तांदूळ धुतल्याचे पाणी झाडांस चालते. धुण्याच्या सोड्याचे कडक पाणी मात्र घालू नये. जेथे टंचाई फार आहे तेथे बुडाशी बारीक छिद्र पाडून त्यात कापडाची वात घातलेले मडके आळ्यात पुरावे व तोंड झाकून ठेवावे. पाणी मुळांशी हळूहळू झिरपते व वाया जात नाही.

मोगऱ्याची छाटणी हा अनेकांच्या दुर्लक्षाचा विषय आहे. डिसेंबरात पाणी तोडून झाडास विश्रांती द्यावी. जानेवारीत जमिनीपासून दीड ते दोन फुटांवर छाटणी करावी, आळे हलके चाळून शेणखत घालावे व मग पाणी सुरू करावे. नव्या फुटीवरच कळ्या येतात. म्हणून न छाटलेला मोगरा थोडाच फुलतो. जास्वंद व बोगनवेल पावसाळा संपल्यावर, आणि कुंद त्याचा बहर ओसरल्यावर छाटावा.

किडींचा बंदोबस्त

जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण समजावा. २००८ साली भारतात प्रथम आढळलेला पपईवरील पिठ्या ढेकूणही जास्वंदीवर येतो. त्याचा पुंजका आरंभीच शेंड्यासह कापून साबणाच्या पाण्यात बुडवावा. झाडावर पाण्याचा जोराचा फवारा मारावा व नंतर निंबोळी तेलाची फवारणी करावी. मुंग्यांचा माग पाहावा, कारण मुंग्या या किडीचे रक्षण करतात.

पावसाळ्यात मोठी आफ्रिकी गोगलगाय रात्रीतून कोवळी रोपे फस्त करते. सायंकाळी ओले गोणपाट पसरून ठेवावे व सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगाई वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. उघड्या हाताने त्यांस स्पर्श करू नये. मोगऱ्याच्या कळ्या जांभळट होऊन पोखरलेल्या दिसल्यास त्या वेचून मातीत खोल पुराव्यात. ज्या घरात फुले देवास वाहिली जातात व केसांत माळली जातात, तेथे विषारी औषधांचा वापर शक्यतो टाळणेच हितावह.

लहान अंगणाचा नमुना

वीस फूट रुंद व पंधरा फूट लांब अंगणासाठी पुढील मांडणी सोयीची पडेल. एका कोपऱ्यात एक प्राजक्त. कुंपणालगत दोन जास्वंदी व एक तगर. भरपूर ऊन पडते तेथे चार मोगरे. दाराच्या मांडवावर एक जुई. प्राजक्ताच्या सावलीत अबोलीची ओळ. आणि मोरीच्या तोंडाशी कर्दळ. एवढी झाडे सामान्य कुटुंबाच्या सांडपाण्यावर जगू शकतात व रोजच्या पूजेस फूल कमी पडत नाही.

मोगरा अधिक जमिनीवर लावल्यास त्यापासून उत्पन्नही मिळते. जव्हार व विक्रमगड हे तालुके १ ऑगस्ट २०१४ पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते व आता पालघर जिल्ह्यात आहेत. तेथील आदिवासी शेतकरी मोगऱ्याची लागवड करून कळ्या दादरच्या फुलबाजारात पाठवितात. तथापि कळी पहाटे खुडून त्याच सकाळी बाजारात पोचली पाहिजे. ही सोय ज्या गावास आहे, त्यानेच हा विचार करावा.

कार्यकर्त्यांसाठी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्यात घरोघरी जाऊन जागा, ऊन व निचरा यांची पाहणी करावी व कोणत्या घरी कोणते झाड योग्य, याची यादी तयार करावी. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात जास्वंद, तगर, मोगरा व अबोली यांची निरोगी मातृझाडे वाढवावीत. जून-जुलैत त्यांचे पेन्सिलीएवढे जाड, सहा ते आठ इंच लांबीचे फाटे लावून रोपे करता येतात. अबोलीचे फाटे कोवळे व आखूड घ्यावेत. जाई-जुईची फांदी मातीत दाबून मुळे फुटल्यावर वेगळी करावी. अशा रीतीने गावाची रोपे गावातच तयार होतील.

रोपे वाटल्याची संख्या कागदावर मोठी दिसते. पण तिने काम सिद्ध होत नाही. पुढील वर्षाच्या मे अखेरीस पुन्हा प्रत्येक घरी जावे, जगलेली झाडे मोजावीत आणि मेलेल्या झाडाचे कारण यादीत त्याच्यासमोर लिहावे : पाणी साचले, पाणी मिळाले नाही, ऊन कमी पडले, की गुरांनी खाल्ले. दोन-तीन वर्षांत त्या यादीवरूनच आपल्या गावास कोणती झाडे मानवतात हे गावास कळेल, व त्या वेळी घेतलेल्या रोपाचा पैसा वाया जाणार नाही.